तळघराची किल्ली

दर बुधवारी दुपारी बाराला भोंगा वाजतो
आणि कॅम्पसवर कुणी मान वर करत नाही.
सँडविच खाणारा खात राहतो,
गवतावर निजलेली नुसती कूस बदलते.
चाचणी आहे, सगळ्यांना ठाऊक.
कानावरून वारं जावं, तसा तो जातो.

आज मंगळवार.
संध्याकाळचे सात वाजून बावीस मिनिटं.

तिसऱ्या मजल्यावर फरशी पुसत होते.
खिडकीतलं आभाळ आठ दिवसांच्या मुक्या मारासारखं,
हिरवट, कडेने पिवळं.
आणि वारा नव्हताच.
झेंड्याची दोरी एरवी खांबाला खटखट मारत असते,
तीसुद्धा गप्प.
मला हे आवडलं नाही.
वडील सांगायचे, गुरं एका कोपऱ्यात गोळा झाली
की आधी आभाळ बघ, गुरं मागून मोज.

मग भोंगा.

कमरेला एकोणतीस किल्ल्या.
तळघराची अंधारातही सापडते,
दात झिजलेली, निळा दोरा बांधलेली.
*खाली चला. जिन्याने. काचांपासून लांब.*
सतरा वर्षं मी त्या लाल पाटीवरची धूळ पुसतेय,
तिच्यावरचे शब्द आज पहिल्यांदा तोंडाने म्हटले.
प्राध्यापक लिंडक्विस्ट म्हणाले, एवढं समीकरण संपू दे.
मी दिवाच घालवला.

कॉर्बिन योडर बाहेर ओसरीवर, फोन उंच धरून.
"फक्त दहा सेकंद, मिसेस उनरू!"
पोरगं माझ्याहून हातभर उंच.
मी त्याच्या जॅकेटची टोपी धरली
आणि ओढत आणलं, वासराला आणतात तसं.

त्रेचाळीस माणसं. दोनदा मोजली.
बॉयलर, मोडक्या खुर्च्या,
कुठल्याशा मिरवणुकीतला कागदी लगद्याचा गवा,
एक शिंग गेलेला.
डोकं गुडघ्यांत, हात मानेवर.
लांबून बघणाऱ्याला प्रार्थना वाटली असती.
काहींची असेलही.

सियोमाराच्या स्वेटरखाली काचेच्या नळ्या,
नळ्यांत फळमाश्या, सात पिढ्यांची नोंद.
ती त्यांच्यासाठी परत वर गेली होती.
मला खूप बोलायचं होतं तिला.
तेवढ्यात कानांत दडे बसले, दिवे गेले.

सगळे सांगतात, आगगाडीसारखा आवाज येतो.
मला तसा नाही आला.
मला वाटलं, वर कुणीतरी फर्निचर ओढतंय,
सबंध गावाचं फर्निचर,
एकाच भिंतीकडे.

किती वेळ, सांगता येणार नाही.
मग अंधारात सियोमारा:
"यांचेही कान दुखत असतील का?"
कुणी हसलं नाही.
मग एक जण हसला, आणि त्याचं हसू थांबेचना,
शेजारच्याने त्याचा हात धरून ठेवला.

भोंगा थांबला. दहा-बारा जण उठले.
खाली बसा, म्हटलं.
भोंगा थांबला म्हणजे वादळ थांबलं असं नाही.
कॉर्बिनच्या फोनमध्ये अकरा टक्के उरले होते,
तो आता काहीच टिपत नव्हता,
त्यावर फक्त इशारा उठल्याचा निरोप यायची वाट बघत होतो आम्ही,
त्रेचाळीस माणसं, एका इवल्याशा उजेडाभोवती.

आठ वाजून चार मिनिटांनी दार उघडलं.

ओसरी होती. तिचं छप्पर नव्हतं.
सायकलींचा स्टँड उपटून
कुणी ओला टॉवेल पिळावा तसा पिळलेला,
कॉर्बिन मघाशी उभा होता बरोबर त्या जागी.
त्याने ते पाहिलं. पायरीवर बसला.
टोपी डोक्यावर ओढून घेतली, स्वतःच्या हाताने.
मी काही बोलले नाही. त्याच्या शेजारी बसले,
गुडघे आता कुठे थरथरायला लागले होते.

नंतर बॅटरी घेऊन वर गेले.
बादली होती तिथेच, सरळ उभी,
पाण्यात काचेचा चुरा आणि कुठल्या तरी झाडाचं
अख्खं, न फाटलेलं पान.

उद्या बुधवार.
बाराला भोंगा वाजवणार आहेत का, विचारायला हवं.
फरशी अर्धीच पुसून झाली होती.